कमोडची जागा ठरवण्याआधी पाईपची वाट ठरवा

या वेळच्या टपालातली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: बाथरूमचं काम काढलंय, कमोडची जागा बदलायची आहे, जमेल का? कागदावर कमोड पेन्सिलीने कुठेही सरकतो. जागेवर मात्र त्याच्याबरोबर चार इंची पाईपही न्यावा लागतो, आणि त्या पाईपला शेवटपर्यंत सलग ढाळ द्यावा लागतो. मी ड्रेनेजची आखणी करते आणि ती कामं जागेवर उभी राहून करून घेते. त्यामुळे मी टाइल्स किंवा कंपनी यांच्याबद्दल विचारण्याआधी दोनच गोष्टी विचारते. स्टॅक, म्हणजे वरच्या मजल्यांपासून खाली उतरणारा मैल्याचा उभा पाईप, नेमका कुठे आहे? आणि तुमच्या फरशीखाली खोली किती मिळते? यातलं काहीही माहीत नसताना दिलेलं ‘होईल हो’ हे उत्तर मी उत्तर मानत नाही.

सगळ्यात सविस्तर पत्र आधी घेते.

प्रश्न: ताई, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाथरूम आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद, दार पाच फुटी भिंतीत. आत शिरल्या शिरल्या उजव्या लांब भिंतीला कमोड आहे आणि त्याच भिंतीमागे डक्टमध्ये उभा पाईप आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, ती वॉकर घेऊन चालते. दार आत उघडतं, त्यामुळे दार आणि कमोड यांच्यामध्ये वॉकर अडकतो. म्हणून कमोड समोरच्या भिंतीवर, खिडकीखाली न्यायचं ठरवलंय. म्हणजे तिला सरळ चालत जाता येईल. ठेकेदार म्हणतो, पाईप स्लॅबवरूनच घेऊ, फरशी दोन इंच उचलू, काही अडचण नाही. वडिलांना ते पटत नाही. कोणाचं बरोबर?

उत्तर: वडिलांची शंका रास्त आहे. आधी हिशोब मांडू या, मग आईंकडे येऊ.

नवा कमोड खिडकीखाली मधोमध बसवला, तर त्याचा पाईप आधी उजव्या कोपऱ्यापर्यंत जाईल आणि तिथून वळून लांब भिंतीच्या कडेने स्टॅककडे येईल. अंतर नेहमी या वाटेनं मोजायचं, हवेतून सरळ नाही. तुमच्या मापांवरून ही वाट साधारण २.६ मीटर भरते. मैल्याच्या चार इंची पाईपला मी ४० ला १ ढाळ धरते, म्हणजे दर मीटरला २५ मिलिमीटर. ८० ला १ पर्यंत पाईप चालतो, पण तिथे हातचं काही उरत नाही. भराव थोडा बसला किंवा एखादा सांधा किंचित वर राहिला, तरी पाईपमध्ये पाणी साचून राहतं. म्हणजे २.६ मीटरला ६५ मिलिमीटरचा उतार हवा. पाईपची बाहेरची जाडी ११०. पाईपवर मसाला आणि टाइल मिळून निदान ४५. स्टॅकच्या टोकाला ही बेरीज २२० मिलिमीटर होते, जवळजवळ नऊ इंच. पाईपखालचा मसाला आणि कमोडखालचा बेंड यात धरलेलेच नाहीत. ठेकेदार देतोय दोन इंच. त्यात ढाळ सोडा, नुसता पाईपही झाकला जाणार नाही.

दोन इंचात जमण्याची एकच शक्यता आहे: तुमच्या बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली सोडलेला असेल तर, म्हणजे सनकन स्लॅब. ते तपासणं अवघड नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये जाऊन वर बघा. छत बाकीच्या खोल्यांपेक्षा फूटभर खाली असेल आणि ते फॉल्स सीलिंग नसेल, तर तुमच्याकडे भरावाची जागा आहे. छत सपाट असून त्याखाली पाईप लटकत असतील, तर तुमच्या कमोडचा पाईप शेजाऱ्यांच्या हद्दीतून जातो. मग नवी वाट म्हणजे त्यांच्या छताखाली नवा पाईप आणि स्लॅबला नवं भोक. तिसरी खूण डक्टमध्ये दिसते. तुमच्या कमोडचा पाईप स्टॅकला कोणत्या उंचीवर मिळतो, ते तुमच्या फरशीच्या पातळीशी ताडून बघा. नवा पाईप त्या उंचीच्या खाली जाऊ शकत नाही, निदान स्टॅक न कापता तरी नाही.

स्लॅबला भोक पाडण्याचं कोणी सुचवलं, तर इमारतीची रचना करणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल, म्हणजे त्यात ताणलेल्या तारा असतील, तर त्या कुठून गेल्यात ते शोधल्याशिवाय छिन्नीसुद्धा नको. तशी तार तुटणं जिवावर बेतू शकतं.

फरशीला अजिबात हात न लावता खिडकीखाली जाण्याचा एक मार्ग मात्र आहे. कमोड एस-ट्रॅपचा न घेता पी-ट्रॅपचा घ्यायचा. एस-ट्रॅपचं तोंड खाली जमिनीत जातं, पी-ट्रॅपचं मागे भिंतीकडे. पी-ट्रॅपच्या तोंडाचा मध्य फरशीपासून साधारण १८० मिलिमीटरवर असतो. तिथून निघालेला पाईप भिंतीच्या कडेने ६५ मिलिमीटर उतरला, की स्टॅकपाशी त्याचा मध्य ११५ वर येतो आणि तळ फरशीच्या वर ६० मिलिमीटर राहतो. म्हणजे सगळा पाईप फरशीच्या वरच राहिला. त्याला झाकणारा कट्टा बांधायचा, सहा-सात इंच रुंद आणि दहा-अकरा इंच उंच. स्टॅकला मात्र वरच्या बाजूला नवी वाय, म्हणजे तिरप्या फाट्याचा जोड, जोडावी लागेल. ते काम चालू असेपर्यंत वरच्या मजल्यांनी फ्लश वापरायचा नाही, ही जुळवाजुळव आधीच करून ठेवा.

हे सगळं सांगूनही मी तुम्हाला खिडकीखाली जाऊ नका असंच सांगेन, आणि त्याचं कारण आई आहेत. एकदा वॉकर घेऊन स्वतः करून बघा. कमोड दाराच्या समोर असला, तर त्या सरळ चालत जातील खऱ्या, पण बसण्याआधी त्यांना वॉकरसकट पूर्ण पाठमोरं व्हावं लागेल. दुखऱ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा वळणं जड जातं. कमोड बाजूच्या भिंतीवर असला, तर त्यांना काटकोनातच वळायचं आहे. म्हणजे आत्ताची भिंत चुकीची नाही. अडचण दारामुळे आणि कमोड दाराला फार खेटून असल्यामुळे होते.

तेव्हा दार बाहेर उघडणारं करा, नाहीतर सरकतं. कमोड त्याच उजव्या भिंतीवर दीड फूट आत सरकवा आणि पी-ट्रॅपचा घ्या. पाईप १८० मिलिमीटर उंचीवर भिंतीतून थेट डक्टमध्ये जाईल आणि दीड फुटाची आडवी वाट डक्टच्या आतच संपेल. तेवढ्या वाटेला ढाळ लागतो जेमतेम ११ मिलिमीटर. स्लॅबला, फरशीला, शेजाऱ्यांच्या छताला कुठेच हात लागत नाही. डक्टमध्ये माणूस उभा राहू शकतो का आणि तिथे आणखी कोणाचे पाईप आहेत, एवढं बघून घ्या. जुन्या एस-ट्रॅपचं जमिनीतलं तोंड कसं बंद करायचं ते शेवटच्या उत्तरात आहे.

आणि ती दोन इंच उचललेली फरशी अजिबात नको. जिच्यासाठी हे काम काढलंय तिच्याच वाटेत, दाराशी पायरी येईल. वॉकरची पुढची दोन पावलं वर, मागची दोन खाली, आणि सगळा भार मनगटांवर. ओल्या जागी तर नकोच नको.

बैठक उंच घ्या. साध्या कमोडपेक्षा दोन इंच उंच बैठकीचे मिळतात, उठताना गुडघ्यांना त्याचा फार आधार होतो. आधाराचे दांडे बैठकीच्या वर २० ते २५ सेंटिमीटरवर, आणि भरीव भिंतीत खोल अँकरने बसवलेले हवेत. पाईप झाकायला उभारलेल्या पोकळ भिंतीत दांडा बसवू नका, माणूस तोल जाताना त्यावर पूर्ण वजन टाकतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान ४० सेंटिमीटर आणि पुढे ६० सेंटिमीटर मोकळे ठेवावेत हा सर्वसाधारण नियम, पण वॉकरसाठी पुढची जागा त्याहून बरीच जास्त लागेल. काम सुरू होण्याआधी कमोडचा आकार पुठ्ठ्यातून कापा, जमिनीवर नव्या जागी ठेवा आणि आईंना वॉकर घेऊन तिथपर्यंत येऊ द्या. त्यांना कुठे अडतंय ते नकाशापेक्षा तिथे चांगलं कळेल.

प्रश्न: नूतनीकरणात आम्ही कमोड बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला नेला. काम नीट झालं, पाणी व्यवस्थित जातं. पण फ्लश केला की शॉवरखालच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि थोड्या वेळाने वास यायला लागतो. ठेकेदार म्हणतो, नवीन पाईपला असं होतं, जाईल. महिना उलटला, काही गेलं नाही.

उत्तर: ते आपोआप जाणार नाही. आवाज आणि वास ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

शॉवरच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं राहतं आणि गटारातली हवा तेवढ्या पाण्यानेच अडवलेली असते. तुमचा कमोड दूर गेला, पाईप लांबला, आणि माझा अंदाज असा की शॉवरचा ट्रॅप त्याच पाईपला वाटेत जोडलेला आहे. फ्लशचं पाणी एकदम सुटतं तेव्हा त्याच्यामागची पोकळी भरायला हवा लागते. ती वरून मिळाली नाही, तर जवळच्या ट्रॅपमधल्या पाण्यातून खेचली जाते. तुम्हाला ऐकू येणारी गुडगुड ती हीच. प्रत्येक वेळी थोडं पाणीही ओढलं जातं, पातळी घसरते आणि वासाला वाट मिळते.

खात्री घरच्या घरी करता येते. जाळी काढा, ट्रॅप पाण्याने भरा आणि पातळी कुठे आहे ते टॉर्च धरून बघा. दुसऱ्या माणसाला फ्लश करायला सांगा आणि नजर पाण्यावर ठेवा. पाणी हिंदकळून खाली गेलं तर हवेचाच प्रश्न आहे. पाणी उलट वर चढलं, किंवा कमोडमधलंच पाणी आधी वर येऊन मग सावकाश उतरलं, तर रोग वेगळा: पाईप कुठेतरी तुंबलाय किंवा ढाळ उलटा पडलाय. मग आधी कॅमेरा घालून पाईप आतून बघावा लागेल.

हवेचा प्रश्न असेल तर खरा उपाय व्हेंट पाईपचा. कमोडच्या जवळ, आडव्या पाईपच्या वरच्या अंगाने व्हेंट काढायचा आणि तो उभा छताच्या वर न्यायचा. नाहीतर सगळ्यात वरच्या जोडणीच्याही वर स्टॅकला मिळवायचा. तिथपर्यंत जाता येत नसेल तर एकेरी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मिळतो. तो फक्त हवा आत घेतो, वास बाहेर सोडत नाही. पण तो बाथरूममधल्या कमोड-बेसिनच्या काठापेक्षा उंच बसवावा लागतो, हात पोचेल अशा जागी ठेवावा लागतो, आणि काही ठिकाणच्या बांधकाम नियमांना तो चालत नाही. तुमच्याकडे चालतो का ते आधी विचारा. तिसरा मार्ग म्हणजे शॉवरचा ट्रॅप मैल्याच्या आडव्या पाईपपासून तोडून सांडपाण्याच्या वेगळ्या पाईपला जोडणं. डक्टमध्ये तसा पाईप असेल तर मी हाच मार्ग धरेन.

तोवर वासावर उपाय म्हणून त्या जाळीत रोज तांब्याभर पाणी ओता. त्याने ट्रॅप भरलेला राहील, पण दुरुस्ती टाळण्याचं ते कारण होऊ देऊ नका. गटारातल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो नुसताच कुबट नाही, प्रकृतीलाही वाईट.

प्रश्न: सवलत होती म्हणून बारा इंची कमोड आधीच आणून ठेवलाय. जमिनीतलं भोक जुनंच ठेवायचं आहे, भिंतीपासून नऊ इंचांवर आहे. प्लंबर म्हणतो, ऑफसेट कनेक्टर टाकून बसवून देतो. टाकू दे का?

उत्तर: नको. बारा इंची म्हणजे तयार भिंतीपासून भोकाचा मध्य ३०० मिलिमीटरवर हवा. तुमचा मध्य नऊ इंचांवर, म्हणजे २२५ वर आहे. कमोड भोकावर बसवायला गेलात तर पाठीमागची टाकी भिंतीत ७५ मिलिमीटर घुसली पाहिजे. उलट परिस्थितीत, भोक बारा इंचांवर आणि कमोड नऊ इंची असता, तर नुसती मागे फट राहिली असती, जी झाकता येते. ऑफसेट कनेक्टर दोन-तीन सेंटिमीटरची चूक सांभाळायला असतो. त्याहून जास्त ओढला की वाट अरुंद होते आणि नेमक्या त्याच जागी कागद अडकायला लागतो.

दुसरं, ते नऊ इंच कुठून मोजले? जुन्या टाइल्स फोडल्यावर नागड्या विटेपासून मोजले असतील, तर प्लास्टर, चिकटवण आणि नवी टाइल मिळून २५ ते ३० मिलिमीटर भिंत पुढे येईल आणि तुमच्याकडे जेमतेम आठ इंच उरतील. टाइल लावून झालेल्या भिंतीपासूनचंच माप धरा. कमोड बदलून मिळत असेल तर बदला. नवा पी-ट्रॅपचा घेतलात तर जमिनीतल्या भोकासाठी वेगळा बेंड-कनेक्टर मिळतो आणि तो थोडाफार कापून मापात बसवता येतो. बदलून मिळतच नसेल तर पाईप पुढे सरकवा, कनेक्टर वाकवू नका.

प्रश्न: भिंतीवरचा, म्हणजे वॉल-हंग कमोड घेतला तर पाईप हलवणं सोपं होतं का? आणि वजन पेलतो का?

उत्तर: वजनाची भीती काढून टाका. लोखंडी चौकट जमिनीला आणि भिंतीला नीट आवळली असेल, तर हे कमोड ४०० किलो भाराच्या चाचणीला उतरतात. कमोड हलतो किंवा टाइल तडकते तेव्हा बहुतेकदा चौकटीचे अँकर पोकळ विटेत घेतलेले असतात, किंवा चौकट आणि टाइल यांच्यामध्ये पोकळी राहिलेली असते.

पाईपला मदत होते. तोंड फरशीपासून साधारण २२० मिलिमीटर उंच असतं, म्हणजे ढाळासाठी वर सांगितलेल्या पी-ट्रॅपपेक्षा ४० मिलिमीटर जास्त मिळतात. आणि टाकी झाकायला जी भिंत उभी करावीच लागते, तिच्यातच पाईपही जातो. मोबदल्यात खोलीतून साधारण सहा-आठ इंच जागा जाते. टाकीची दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतूनच होते, म्हणून ती पट्टी कधीही टाइलने किंवा कपाटाने बंद करू नका. बैठकीची उंची चौकट बसवतानाच ठरते. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला समोर बसवून ती ठरवा.

प्रश्न: तळघरातल्या खोलीला शौचालय जोडायचं आहे. गटाराची लाइन खोलीच्या जमिनीपेक्षा वर आहे. मैला दळून वर ढकलणारा पंप मिळतो असं कळलं. घ्यावा का?

उत्तर: जिथे पाणी आपल्या वजनाने जाऊच शकत नाही तिथे तो घ्यावा. जिथे थोडं फोडून ढाळ मिळतो तिथे घेऊ नये. मॅसरेटर पंप कमोडच्या मागे बसतो, आतली पाती मैला आणि कागद बारीक करतात आणि मोटर तो बारीक पाईपमधून काही मीटर वर ढकलते. पण वीज गेली की शौचालय बंद. ओला वाइप, सॅनिटरी पॅड, दातांचा दोरा यातलं काहीही गेलं तरी पाती अडकतात, आणि ते हाताने काढावं लागतं. पाहुण्यांनाही हे सांगावं लागेल, म्हणून दाराच्या आत सूचना लावा. त्या पंपासाठी वेगळं वीजकनेक्शन अर्थ-लीकेज संरक्षणासह द्या आणि तो सुटा करून बाहेर काढता येईल एवढी जागा ठेवा. घरात दुसरं, ढाळावर चालणारं शौचालय असेल, तरच मी याला निर्धास्तपणे हो म्हणेन.

प्रश्न: आमच्याकडे कमोडचा नवा पाईप टाकून झालाय, उद्यापासून भराव आणि परवा टाइल्स. आम्हाला यातलं काही कळत नाही. आज काय तपासून घेऊ?

उत्तर: आधी ठेकेदाराला सांगा की भराव उद्या नाही. टाइलखाली गेलेला पाईप पुन्हा दिसतो तो फोडल्यावरच, त्यामुळे तपासणीसाठी आणखी दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्या.

मोकळ्या पाईपवर पाणसळ ठेवा, सांध्यांच्या दोन्ही बाजूंना, सगळ्या लांबीवर. बुडबुडा सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला हवा. मध्येच एका जागी तो सरळ किंवा उलटा झाला तर तिथे पाईप खचलेला आहे. पाईप कशावर टेकवलाय तेही बघा. दोन टोकांना विटेचे तुकडे आणि मधला भाग अधांतरी असेल, तर भराव पडताच तो वाकेल. टेकू सलग हवा, मसाल्याचा किंवा वाळूचा.

वळणं बघा. आडव्या पाईपला आडवा पाईप जिथे मिळतो तिथे काटकोनातली टी नको, प्रवाहाच्या दिशेने झुकलेली वाय हवी. पूर्ण काटकोनातल्या एका आखूड बेंडपेक्षा ४५ अंशांचे दोन बरे. हल्लीचे कमोड पूर्ण फ्लशला साधारण ६ लिटर आणि अर्ध्याला ३ लिटर पाणी सोडतात, जुन्या टाक्यांतून याच्या दीडपट-दुप्पट पाणी यायचं. एवढ्याशा पाण्याने मैला स्टॅकपर्यंत पोचायचा असेल, तर वाट आखूड आणि गुळगुळीत लागते. बेसिनचा किंवा शॉवरचा पाईप या पाईपला मिळत असेल तर तो वरच्या अंगाने मिळायला हवा. तळाशी मिळाला तर प्रत्येक फ्लशला मैला त्यात शिरेल.

मग पाण्याची चाचणी. नवा पाईप स्टॅकला मिळतो तिथे आतून फुगणारा बुच लावायचा, कमोडच्या तोंडाकडून पाईप काठोकाठ भरायचा आणि पातळीला खूण करून ठेवायचा. निदान तासाभराने बघा, मी तर रात्रभर ठेवते. पातळी उतरली तर प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवा. ओला झाला तोच सांधा. सॉल्व्हंटने चिकटवलेला सांधा गळत असेल तर वरून आणखी सॉल्व्हंट चोपडून भागत नाही, तो कापून नवा करावा लागतो. रबर रिंगचा सांधा असेल तर बहुतेकदा रिंग गुंडाळली गेलेली असते. पाईपचं कापलेलं टोक घासून उतरतं केलं नाही आणि वंगण लावलं नाही की हेच होतं.

पाईप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जिथे जातो तो गळा वेगळा बघा. खालच्या घराच्या छतावर डाग पडतो तो पाईप न फुटताही पडतो, पाईपच्या भोवतीच्या फटीतून. ती फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरून त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर पाईपवर चढवत आणायचा. मग वॉटरप्रूफिंगची स्वतःची चाचणी: जमिनीवर पाणी कोंडून किमान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांना रोज छत बघायला सांगायचं.

जुन्या जागेचं तोंड हा नेहमी विसरला जाणारा भाग. ते सिमेंटने बुजवून वर टाइल लावली की काम झालं असं वाटतं, पण खाली जुना पाईप स्टॅकला जोडलेलाच असतो. वरच्या मजल्यांचं पाणी त्या आंधळ्या तुकड्यात शिरतं, तिथेच कुजतं, आणि सिमेंटला बारीक चीर गेली की वास तुमच्या घरात. जुना पाईप स्टॅकपर्यंत मागे काढून तिथे त्याच मापाचं झाकण चिकटवायचं. तेवढं काढता येत नसेल तर निदान जमेल तितका मागे कापून तिथे झाकण बसवा.

भराव टाकण्याआधी फोटो काढा. पाईपशेजारी टेप पसरून ठेवा, आकडे वाचता येतील असा. दोन भिंतींपासूनची अंतरं फोटोत दिसली पाहिजेत, कारण पुढे कोणीतरी तिथे दांडा किंवा कपाट बसवायला ड्रिल करणार आहे. भरावात जुन्या टाइल्सचे धारदार तुकडे आणि मलबा टाकू देऊ नका. ते पाईपला टोचतात आणि उगाच वजनही वाढवतात, हलका भराव मागा.

कमोड जमिनीवर सिमेंटच्या थरात पुरू नका, स्क्रूने आवळा आणि कडेला सिलिकॉन भरा, म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर फुटणार नाही. आणि पाईप वळतो त्या जागी डोअर बेंड, म्हणजे झाकण असलेला बेंड टाकलाय का ते बघा. त्याचं झाकण डक्टच्या बाजूला, मोकळं, हात आणि सळई दोन्ही पोचतील असं यायला हवं. भिंतीकडे तोंड करून बसवलेला असेल तर आजच फिरवून घ्या.